काचेच्या हंडीतला उन्हाळा

चंद्रपूर जिल्ह्यात राहून उष्णता शोधत बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घ्यायलासुद्धा धीर लागतो, आणि दुपारी कावळेही बँकेच्या ओट्यावर सावलीला येऊन बसतात. अशा गावात आमचे भौतिकशास्त्राचे सर गळ्यावरचा घाम पुसत मला गंभीरपणे विचारायचे, "बाई, उष्णता जाते कुठी?"

मी म्हणायची, "सर, ती जात असेल तर आधी मला सांगा. मी पेढे वाटते."

ते हसायचे नाहीत. विनोद त्यांना कळत नसे असं नाही, पण तो दुसऱ्या दिवशी कळायचा. मग माझा तास चालू असताना ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहायचे आणि मनापासून हसायचे. मुलांना वाटायचं, सर बाईंच्या शिकवण्याला हसताहेत. काही दिवसांनी मलाही तसंच वाटायला लागलं.

नागभीडच्या बाजूला आमचं कॉलेज होतं. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे रेल्वेची लाइन आणि मध्ये संस्थाचालकांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली, पहिल्याच वर्षी गळायला लागलेली इमारत. भौतिकशास्त्राची आणि माझी प्रयोगशाळा एकाच हॉलमध्ये होत्या. मधली भिंत निधी संपल्यामुळे छातीपर्यंतच उठली होती, त्यामुळे सरांचं संशोधन मला रोज फुकटात बघायला मिळायचं. विज्ञानाचा इतका जवळचा शेजार कोणाच्या वाट्याला येऊ नये.

उष्णतेचं वेड त्यांना नेमकं कधी लागलं, हे मला माहीत नाही. मी तिथे रुजू झाले तेव्हा ते पूर्ण लागलेलं होतं. चहा ते कधी फुंकून पीत नसत. कोणी फुंकला की त्यांचा चेहरा पडायचा, कारण चहा फुंकणं म्हणजे त्यांच्या मते चालू प्रयोगात हात घालणं. ते कपाकडे बघत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "आता प्या." चहा खरोखर पिण्याजोगा झालेला असायचा, फक्त तोवर पुढच्या तासाची घंटा वाजलेली असायची. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी ते आचाऱ्याकडे जाऊन झाऱ्याचा दांडा चाचपून यायचे. माझ्या सासूबाईंना ताप आला तेव्हा हा माणूस मोसंबी घेऊन बघायला आला आणि त्यांना विचारू लागला, "मायबाई, अंगातली आग आधी कुठून जाते, तळपायातून का डोक्यातून?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. ते गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे पोरांले शिकवतेत?"

शिकवायचे, आणि तिथेही त्यांचं उलटंच. प्रॅक्टिकलला सगळी पोरं पुस्तकातलं उत्तर बघून निरीक्षणं जुळवून आणतात, हे सगळ्या देशाला माहीत आहे आणि सगळ्या देशाला मान्यही आहे. सरांना मान्य नव्हतं. ज्याचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळायचं त्याला ते कमी गुण द्यायचे आणि ज्याचं भलतंच यायचं त्याच्याजवळ स्टूल ओढून बसायचे. "हे कसं आलं, सांग मले. घाबरू नको." एकदा पालकांचं शिष्टमंडळ प्राचार्यांकडे गेलं. बरोबर उत्तराला गुण कापतात, ही तक्रार ऐकून प्राचार्यही गोंधळले, कारण त्यांनी स्वतः त्याच पद्धतीने पदवी मिळवली होती.

तर आता कार्बनच्या नळ्यांची गोष्ट. इतक्या बारीक, की एका केसाच्या रुंदीत हजारो नळ्या शेजारी शेजारी मावाव्यात. त्या काळात जगभरचे शास्त्रज्ञ त्यांच्यामागे लागले होते. या नळ्यांमधून उष्णता तांब्यापेक्षाही सहज वाहते असं कुठेतरी छापून आलं, आणि नागपूरहून आलेल्या मासिकात सरांनी ते वाचलं. त्या दिवशी त्यांनी दोन तास घेतले नाहीत. मधल्या भिंतीवर कोपरं टेकवून ते मला म्हणाले, "बाई, वीज सोडून नळी तापवाची. अन् तिच्यातली उष्णता कशी वाह्यते ते मोजाचं. बस."

"बस" हा शब्द त्यांनी फार सहज वापरला.

नळ्या आणायच्या कुठून, हा पहिला प्रश्न. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडली की काजळीत या नळ्या सापडतात, असं सरांना कळलं होतं. गावातल्या टॉकीजने प्रोजेक्टरचा दिवा नुकताच बदलला होता, त्यामुळे जुन्या दिव्याच्या कार्बनच्या कांड्या पडून होत्या. त्या सरांनी मागून आणल्या आणि थेट सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. सलीमभाई म्हणजे बाजार गल्लीत लोखंडी फाटकं, पलंग आणि धानाच्या मळणीयंत्राची मोडकी अंगं जोडून देणारे कारागीर. सरांवर त्यांचा जीव होता. का होता, हे त्यांनाही सांगता येत नसे.

प्रयोग संध्याकाळी झाला. ठिणगी पडली, गल्लीत दिवसासारखा उजेड झाला आणि पाठोपाठ अख्ख्या बाजार गल्लीचे दिवे गेले. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. गल्लीतली माणसं जेव्हा दुकानापाशी जमली, तेव्हा आत दोन काळे पुरुष उभे होते. त्यातला एक आनंदाने डबी हलवत होता.

"सर," सलीमभाई म्हणाले, "काजळच बनवाचं होतं, तर घरी दिवा लावला असता ना!"

जमलेले लोक हसले म्हणून सर वाचले. डबीतल्या काजळीत नळ्या होत्या का नव्हत्या, ते देव जाणे. बघायला लागतो तसा सूक्ष्मदर्शक आमच्या जिल्ह्यात कोणाच्या बापाने पाहिला नव्हता. शेवटी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत असलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला दया आली आणि त्याने होमिओपॅथीच्या बाटलीएवढ्या शिशीत खऱ्या नळ्यांची चिमूटभर काळी पूड पाठवली. सर ती शिशी शर्टाच्या आतल्या खिशात घालून आठवडाभर फिरले. बाजारात भाजी घेताना लोकांना दाखवायचे. भाजीवाली म्हणायची, "मंजन आहे का जी?"

त्या पुडीची पातळ पट्टी मी करून दिली. साबणाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची, वाळवायची आणि गाळणकागदावरून अलगद सोडवायची. चार वेळा फाटली. पाचव्या वेळी निघाली तेव्हा सर माझ्या पाया पडायला वाकले आणि मी ओरडून त्यांना थांबवलं, कारण त्यांच्या श्वासानेही ती उडाली असती. शिवाय हवा काढण्याचा पंपही माझ्याच प्रयोगशाळेचा. तो एकदा भिंतीपलीकडे गेला तो परत आलाच नाही.

मांडणी साधी होती. तांब्याच्या जाड थाळीवर काचेची हंडी उपडी घातलेली. हंडीच्या आत पट्टी ताणून बसवलेली, तिची दोन्ही टोकं खाली थाळीला घट्ट, वीज थाळीत उतरू नये म्हणून मध्ये फक्त अभ्रकाचा पापुद्रा. हंडीतली हवा पंपाने काढायची आणि पट्टीतून वीज सोडायची. पट्टी तापणार. हवाच नाही म्हटल्यावर उष्णतेला पळायला वाट एकच, पट्टीतून टोकांकडे आणि तिथून थाळीत. पट्टीचा मध्य टोकांपेक्षा फार तापला, तर वाट अडलेली आहे असं समजायचं. थोडाच तापला, तर वाट मोकळी. मध्यावर केसासारख्या तारेचा तापमापक होता. तसा बारीक तापमापक सरांकडे एकच, म्हणून टोकांचं वेगळं मोजत नसत. एवढी जाड थाळी खोलीइतकीच गरम असणार, असं धरून भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा टोकांचा मानायचा. मला ते पटलं. प्राचार्यांना पटलं. मागाहून मोठमोठ्या लोकांनाही पटलं.

विजेचा प्रश्न वेगळाच. आमच्या जिल्ह्यात वीज तयार होते आणि बाहेर जाते. उष्णता मात्र इथेच ठेवतात. भारनियमन चालू झालं की सर सलीमभाईंनी दिलेल्या ट्रकच्या बॅटऱ्या जोडायचे. दुपारी सायकलवरून यायचे, डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा सोडायचे, नळाखाली भिजवून थाळीच्या काठावर पसरायचे आणि कामाला लागायचे. परत जाताना तोच ओला दुपट्टा पुन्हा डोक्याला. यात बघण्यासारखं काही नव्हतं. उन्हाळ्यात इकडे सगळेच हे करतात. मी माझी ओली ओढणी माठावर टाकत असे आणि प्राचार्य त्यांचा पंचा स्कूटरच्या सीटवर.

मे संपता संपता उष्णतेच्या वहनाचा तो आकडा आला. पट्टीचा मध्य खोलीपेक्षा जेमतेम तापत होता. म्हणजे उष्णता नुसती वाहत नव्हती, धावत होती. सरांनी तो प्रयोग पुन्हा केला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. आकडा तोच. मग ते भिंतीपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "घाम आहे का?" ते "नाई" म्हणाले. मला वाईट वाटलं, पण ते थोडा वेळच.

त्या आकड्याने फार उद्योग केले. नागपूरच्या परिषदेत वाचनासाठी सरांचा निबंध स्वीकारला गेला. प्राचार्यांनी फाटकावर कापडी फलक लावला, त्यात सरांपेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता. आणि मुख्य म्हणजे एका नावाजलेल्या संस्थेतल्या प्राध्यापकांनी सरांना कळवलं, की खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांसाठी आमच्याकडे दोन वर्षं पूर्ण वेळ संशोधनाची एक जागा आहे, तुमचा अर्ज या निष्कर्षावर वर आलेला आहे, परिषदेतलं वाचन ऐकून तिथेच निवड जाहीर करू. वयाची अट होती. सरांसाठी ते शेवटचं वर्ष होतं.

त्यांनी आयुष्यात काहीही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पगारवाढ नाही, विभागप्रमुखपद नाही, नीट खुर्चीसुद्धा नाही. हे मात्र त्यांना हवं होतं. "बाई, तिथी चोवीस तास विजेची लाइन राह्यते," ते मला म्हणाले. "अन् बारीक तापमापक पाह्यजे तितके." एखादा माणूस काश्मीरबद्दल बोलतो, तसं ते त्या प्रयोगशाळेबद्दल बोलायचे.

परिषद हिवाळ्यात होती. जायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून सरांनी डिसेंबरात पुन्हा पट्टी तापवली. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस, त्याला कोण थांबवणार! आकडा आला तो मे महिन्याच्या आकड्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. पट्टीचा मध्य भरपूर तापत होता. उष्णता धावायची सोडून चालत होती, तीही लंगडत.

मग सुरू झाला दोषारोपांचा आठवडा. आधी पट्टी म्हातारी झाली म्हणाले, मग बॅटऱ्या, मग माझा पंप. पंपावर आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. शेवटी त्यांनी ठरवलं, की मे महिन्यात जसं होतं तसं सगळं पुन्हा उभं करायचं. सलीमभाईंनी दोन मोठ्या शेगड्या पेटवून आणल्या. एक खिडकी तेवढी मी भांडून उघडी ठेवायला लावली, नाहीतर विज्ञानाबरोबर आम्ही तिघंही गेलो असतो. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते आणि आत आम्ही निथळत होतो. सर उन्हाळ्यातला शर्ट घालून, उन्हाळ्यातल्यासारखे सायकलवरून आले, डोक्याचा दुपट्टा सोडला, भिजवला, थाळीवर टाकला आणि वीज सोडली.

वाट बघितली. खोली तापत गेली. तापमापकाचा काटा मात्र जागेवरच राहिला. मे महिन्याचा आकडा परत आला होता!

"आला, बाई! आला!" सर नाचले. खरंच नाचले, हात वर करून, आदिवासी पाड्यावरच्या लग्नात नाचावं तसे. सलीमभाईंनी त्यांना मिठी मारली. घामाने दोघांची तोंडं चमकत होती. सरांनी थाळीवरचा दुपट्टा ओढला आणि तोंड पुसलं, मग मान पुसली, मग सलीमभाईंच्या हातात दिला. त्यांनीही पुसलं.

काटा हळूहळू चढायला लागला.

सर काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सलीमभाईंच्या हातातून दुपट्टा घेतला, भिजवला, थाळीवर ठेवला. काटा सावकाश उतरला. दुपट्टा उचलला, काटा चढला. मग त्यांनी थाळीला नुसता हात लावला. मीही लावला. त्या भट्टीसारख्या खोलीत ती थाळी माठाच्या बुडासारखी गार होती. कोरड्या हवेत ओल्या कापडाने पाणी गार होतं, हे आमच्याकडे दुधपित्या लेकरालाही माहीत आहे. म्हणून तर आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. थाळी खोलीइतकी गरम कधी नव्हतीच. टोकं गार, म्हणून मध्य गार. नळ्यांचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. मे महिन्यात दुपट्टा होता, डिसेंबरात नव्हता, फरक तेवढाच.

"मले वाटलं," सलीमभाई हळूच म्हणाले, "मशीनले ऊन लागू नाई म्हणून ठेवता."

सर स्टुलावर बसले. शेगड्या मीच बाहेर नेल्या.

पुढचे काही आठवडे त्यांनी थाळीला तापमापक लावून सगळं पहिल्यापासून मोजलं. खरा आकडा आला, लहानसा, साधा. काळ्या पुडीच्या पट्टीचा असावा तसा. त्याने कोणाचीही झोप उडणार नव्हती.

नागपूरला मी त्यांच्याबरोबर गेले. पट्टी माझी, पंप माझा, तेव्हा अपमानातही माझा वाटा होताच. वाचनाच्या आधी चहाच्या वेळी सरांनी त्या प्राध्यापकांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. प्राध्यापक खरोखर चांगले गृहस्थ होते. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आज बोलू नका," ते म्हणाले. "निवड आज आहे. छापलेलं तेवढं वाचा. जूनमध्ये या, आमच्याकडे नीट मोजू आणि मग शांतपणे दुरुस्ती छापू. यात खोटं काय आहे? आकडा तर खरंच आला होता ना?"

मी जोरात मान हलवली. इतकं शहाणपणाचं बोलणं मी त्या आवारात दुसरं ऐकलं नव्हतं.

सर म्हणाले, "मंग मी दोन वर्षं तुमच्या इथी या दुपट्ट्याच्या भरोशावर बसू का जी?"

"सर, गप्प बसा," मी म्हटलं. "हात जोडते."

ते गप्प बसले नाहीत. व्यासपीठावर गेले आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, की छापलेला आकडा चूक आहे. मग दुपट्टा, थाळी, शेगड्या, सगळं. त्यांचं इंग्रजी नागभीडचं. सभागृह आधी चाट पडलं, मग हसायला लागलं. दुसऱ्या रांगेतून एका तरुण माणसाने उठून विचारलं, "सर, दुपट्टा कोणत्या कापडाचा होता?" पुन्हा हशा.

सर थांबले. हशा संपल्यावर म्हणाले, "सुती. टेरिकॉट असता तर चूक एवढी मोठी आली नसती." आणि पडद्यावरच्या पुढच्या चित्रावर गेले. त्यावर तो लहानसा आकडा होता. त्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. दुपट्ट्याचं कापड विचारणाऱ्याची झाली. सरांनी जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि कोणते तापमापक मागून घ्यावेत हे त्याला इतका वेळ समजावलं, की आमची गाडी चुकता चुकता राहिली.

नागभीडची छोटी लाइन, म्हणजे नॅरो गेजची गाडी. डब्यात बाजार करून परतणाऱ्या बायका, टोपल्या, एक बकरी. मी इतकी चिडले होते, की नागपुरातलं इतवारी स्टेशन सुटल्यापासून त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. उमरेड गेल्यावर ते म्हणाले, "बाई, चुकलं का जी माह्यं? खरं सांगा."

"हो," मी म्हटलं. "चुकलंच. जागा घालवलीत. पुन्हा येणार नाही ती."

"मलेही तसंच वाटून राह्यलं," ते म्हणाले, आणि रडायला लागले. तोंड न झाकता, अख्ख्या डब्यासमोर. समोरच्या बाईने टोपलीतला एक पेरू काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दुसरीकडे बघू लागली. माझा राग कुठे गेला, मला समजलं नाही. दहा वर्षं मी त्या माणसाची थट्टा केली होती. त्या डब्यात मला त्याच्याइतकं मोठं दुसरं कोणी ओळखीचं आठवेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं.

"पण तो आकडा, बाई. आजचा, लहानवाला. तो तर बरोबर आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "मी स्वतः तपासलाय."

"मंग झालं," ते म्हणाले आणि पेरू खायला लागले.